तो वळला, पण कुणीकडे?

माणूस खोटं बोलायला लागला की शब्दांच्या आधी त्याचा श्वास बदलतो, असं टेलिफोनअक्का छातीठोकपणे सांगायची. तिचं सांगणं उगाच नव्हतं. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डापुढे बसून काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं असलेली फळी, हातात वायरींची टोकं. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा आणि मधून निघून जायचं, एवढंच काम. पण कान काही दार नव्हे, लावून घ्यायला. नवरा बायकोला ‘कामात अडकलोय’ सांगतो तेव्हा कसा श्वास घेतो, मुलगा आईला ‘जेवलो’ म्हणतो तेव्हा कसा घेतो, सगळं तिला पाठ झालं होतं. पुढे यंत्रं आली, नंबर आपोआप लागू लागले आणि बोर्ड भंगारात गेला. अक्का निवृत्त झाली, तरी गल्लीने दिलेलं ‘टेलिफोनअक्का’ हे नाव मात्र कायम राहिलं.

घरी बसून करायचं काय? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लग्न करून दूर गेलेली. कुणीतरी सांगितलं म्हणून ती अंधांसाठी चालवलेल्या बोलक्या ग्रंथालयात गेली. तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची असत. खोली म्हणजे नुसतं कपाट. भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखे खळगे असलेला स्पंज, एक खुर्ची, एक माइक, आणि काचेपलीकडे साउंडवाला. हा साउंडवाला मोठा नमुना होता. वाक्याचा अर्थ त्याच्या कानात शिरतच नसे, शिरायचा तो नुसता आवाज. नायिकेचा बाप मेला म्हणून अक्काचा गळा दाटून आला की हा काच ठोकायचा. “मॅडम, पोट वाजलं. ‘बाबा’पासून परत.”

अक्काने कायद्याची पुस्तकं वाचली, इतिहास वाचला, मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तकही वाचलं. पण तिचा खरा हातखंडा कादंबऱ्यांत. ती प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायची. तिची खाष्ट सासू ऐकून एका आजोबांनी कळवलं होतं, “बाई, माझी वारलेली बहीण आज पुन्हा घरात येऊन ओरडून गेली.” अक्काने त्यांची चिठ्ठी घरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती.

अशात ती भयकादंबरी आली. दीडशे वर्षांपूर्वीची, जाडजूड, पडक्या गढीची. एका विद्यार्थिनीला परीक्षेला नेमलेली होती आणि ती विद्यार्थिनी जन्मापासून अंध. तिने ग्रंथालयाकडे निरोप धाडला होता, टेलिफोनअक्कांनीच वाचावी म्हणून. सोबत आदल्या वर्षीचा प्रश्नही पाठवला होता: ‘कादंबरीतील तरुण बंडखोराचे स्वभावचित्र रेखाटा. वीस गुण.’

हा बंडखोर बावीस वर्षांचा. दगडाच्या खाणीत बाप मेलेला, स्वतः चार बुकं शिकलेला. खाणीच्या मालकाच्या गढीत जुन्या कागदपत्रांची यादी करायला म्हणून तो शिरतो, पण मनात बेत वेगळाच: आतून कड्या काढायच्या आणि खाणकामगारांना गढीत घ्यायचं. रात्री भिंतीतून खोकण्याचा आवाज येतो. माग काढता काढता त्याला कळतं की जगाने मेली समजलेली थोरली मालकीण मागच्या बंद दालनात जिवंत आहे. तिच्या मुलानेच, म्हणजे खाणमालकानेच, तिला कोंडून घातलंय. म्हातारी आणि हा पोरगा, दोघांचं जमतं. ती त्याला वाचायला पुस्तकं देते आणि एक दिवस स्वतःच्या दालनाची किल्लीही देते. आणि मग उठावाचा दिवस येतो. कामगार आत घुसतात, गढी पेटते. पोरगा अंगणात उभा आहे, डावीकडे उघडा दरवाजा आणि जल्लोष, उजवीकडे म्हातारीचं दालन. तिथे लेखक लिहितो: ‘त्याने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि तो वळला.’

संपलं प्रकरण. पुढचं प्रकरण उघडतं ते तीन वर्षांनी. म्हातारी जळून गेलेली असते. पोरगा न्यायाधीशापुढे म्हणतो, “मी दार उघडलं होतं. ती बाहेर आली नाही.” खरं म्हणतो की खोटं, ते लेखकाने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

वाचायला बसायच्या आधी पुस्तक पूर्ण वाचून काढायचं, असा ग्रंथालयाचा नियम होता. अक्का तो पाळत नसे. ऐकणाऱ्याला जे पुढे कळणार, ते आपल्यालाही पुढेच कळावं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे पहिली दोनशे पानं तिने त्या पोराला आपल्या मनाने एक आवाज दिला. घोगरा, घाईचा, वाक्याच्या सुरुवातीलाच श्वास ओढून घेणारा. हाच का, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने स्वतःलाही विचारलं नाही.

पहिला भाग ऐकून विद्यार्थिनीचा फोन आला. पोरगी तोंडाची फटकळ होती.

“अक्का, तुम्ही बाकी सगळं झकास वाचता. पण त्याला आधीच गुन्हेगार करून टाकलंत.”

“मी? मी तर पुस्तकात आहे तेवढंच वाचलं.”

“शब्द पुस्तकातले, पण सूर तुमचा. तो म्हातारीला ‘पाणी देऊ का?’ विचारतो ना, तेव्हा मला वाटलं आता गळाच दाबतो. मला तुमच्याशिवाय दुसरा डोळा नाही इथे. तुम्ही तोंड वाकडं केलंत की माझ्यासाठी तो माणूसच वाकडा होतो.”

अक्काला राग आला, पण पोरीचं म्हणणं काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने साउंडवाल्याला तो भाग परत लावायला सांगितला. ‘पाणी देऊ का?’ एवढंच वाक्य. त्याआधी एक छोटा, तुटका श्वास. अक्काने ते वाक्य चारदा ऐकलं आणि चौथ्यांदा तिने तो ओळखला. तो श्वास कादंबरीतल्या पोराचा नव्हताच. तो तिच्या धाकट्या भावाचा होता. बावीस वर्षांच्या धाकट्याचा.

“मॅडम, काही खराबी नाहीये,” साउंडवाला म्हणाला. “आवाज स्वच्छ आहे.”

“तेच तर,” अक्का म्हणाली आणि पर्स उचलून घरी निघून गेली.

धाकटा त्या काळी रंगाच्या कारखान्यात होता आणि त्याच कारखान्याच्या फाटकावर त्यांचे वडील, आप्पा, पहारेकरी. एकाच घरातून दोघं निघायचे, एक फाटक उघडायला आणि दुसरा ते बंद पाडायला. धाकट्याच्या अंगात तेव्हा कामगार संघटनेचं वारं शिरलेलं. भिंती रंगवायचा, पत्रकं वाटायचा, जेवताना ताटावरून भाषण करायचा. आप्पा मूग गिळून जेवायचे. संप सुरू झाला तसा धाकटा रात्रीही संघटनेच्या कचेरीतच राहू लागला. संपाच्या चाळिसाव्या दिवशी भरदुपारी जमावाने फाटकाला खांदे लावले. लोखंडी फाटक बिजागऱ्यांसकट आत कोसळलं ते पहाऱ्याच्या केबिनवर. केबिनमध्ये आप्पा होते. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा गेला.

जमावाच्या पुढे धाकटा होता. त्याने त्या दिवसापासून एकच सांगितलं, “मी सकाळी केबिनवर फोन केला होता. आज आत बसू नका म्हणून सांगणार होतो, पण बोलणंच झालं नाही.”

आता फोन म्हटला की तो एक्स्चेंजमधून जाणार आणि त्या सकाळी बोर्डावर अक्का होती. शेजारी आणखी दोघी होत्या, हे खरं. कारखान्यात गडबड म्हणून दिवे धडाधड पेटत होते, हेही खरं. पण सख्ख्या भावाचा आवाज तिने ओळखला नसता? तिला तसा फोन आठवत नव्हता. नव्हता आला, असंही शपथेवर सांगता येत नव्हतं. आईने तेव्हा तिला विचारलं होतं, “आला होता का गं याचा फोन?” आणि अक्का म्हणाली होती, “किती फोन येतात आई, मला काय माहीत.” त्यानंतर चाळीस वर्षं तो विषय घरात कुणी काढला नाही. ना तळ्यात, ना मळ्यात. आप्पा कुबडी घेऊन जगले आणि कुबडी कोपऱ्यात ठेवून वारले. धाकट्याने संघटना सोडली, लग्न केलं, पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. आता साठीला आला होता, साखरेचा आजार होता आणि मांजराला वाट द्यायला खुर्ची सोडून उठणारा माणूस झाला होता.

आठवडाभर अक्का रेकॉर्डिंगला गेलीच नाही. किल्लीच्या वाक्यापर्यंत ती पोचली होती आणि ते वाक्य तोंडातून निघेना. ‘वळला’ हा शब्द कसा म्हणायचा? आवाज खाली नेला तर पोरगा पळाला, वर नेला तर आत धावला. मधे ठेवला तर तो नुसताच उभा, मग वळला कुठे? आरशासमोर उभं राहून ती म्हणून बघायची, “तो वळला. तो वळला.” शेजारीण दारातून डोकावली. “अक्का, कोण वळलं?” “तेच कळत नाहीये,” अक्का म्हणाली.

शेवटी ती धाकट्याच्या दुकानात गेली. तिथे तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास भरलेला. धाकटा स्टुलावर बसून मोटारीच्या गाभ्यात तार गुंडाळत होता आणि तोंडाने वेढे मोजत होता. मागच्या खोलीत भावजय बिलं लावत बसलेली.

“एकशे दहा, एकशे अकरा… ये अक्का, बस… एकशे बारा.”

“धाकट्या, एक विचारू? त्या दिवशी तू खरंच फोन केला होतास?”

“एकशे तेरा… कुठल्या दिवशी?”

“तुला माहितीये कुठल्या.”

त्याचा हात थांबला. चौदावर होतो की पंधरावर, हे तो विसरला. त्याने शांतपणे सगळी तार उलटी सोडायला सुरुवात केली.

“केला होता,” तो म्हणाला.

अक्काने कान टवकारले होते. श्वास बदलला नाही. तिला हायसं वाटणार इतक्यात तो पुढे म्हणाला, “म्हणजे, करायचा हे नक्की ठरवलं होतं. चहाच्या दुकानापर्यंत गेलो. रिसीव्हर हातात घेतला, तो गार लागला होता, इतकं आठवतं. पुढचं… अक्का, मी हे इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलंय, की आता मला सांगितलेलंच आठवतं. झालेलं आठवत नाही.”

“मग मला कधी विचारलं का नाहीस? मी बोर्डावर होते.”

“म्हणूनच नाही विचारलं.” त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. “मला वाटायचं, तुला सगळं माहीत असणार. तू बोलत नाहीस, म्हणजे एक तर मी खरा आहे, नाहीतर तू मला पाठीशी घालतेयस. दोन्हीपैकी कुठलं, ते ऐकायची माझी छाती झाली नाही.”

अक्काला हसावं की रडावं कळेना. ती चाळीस वर्षं समजत होती की खरं काय ते याला माहीत आहे. आणि हा समजत होता की ते तिला माहीत आहे. दोघांनी एकमेकांच्या खिशात ठेव ठेवलेली आणि दोन्ही खिसे रिकामे.

मागच्या खोलीतून भावजय हात पुसत बाहेर आली. “वन्सं, बोलू का मधे?”

“बोल की.”

“आप्पा शेवटी शेवटी आमच्याकडे होते ना, तेव्हा त्यांचा पाय मीच चोळायचे. एकदा डोळे मिटून म्हणाले, ‘वाजत होता गं तो. मीच उचलला नाही. म्हटलं मॅनेजरच असेल, हुकूम सोडायला. एक दिवस तरी वाजू दे मेल्याचा फोन, म्हटलं.’”

आप्पा! आयुष्यभर मालकाच्या गाडीला उभं राहून सलाम ठोकणारे आप्पा. त्यांनी फोन वाजू दिला?

“हे त्याच दिवसाचं म्हणाले?” अक्काने विचारलं.

“दिवस नाही सांगितला. आणि वन्सं, खोटं कशाला बोलू, तेव्हा ते मला सासूबाई समजून हाका मारायचे. त्यांच्या बोलण्याला बूड कुठे होतं?”

“हे तू मला कधीच सांगितलं नाहीस,” धाकटा बायकोला म्हणाला.

“सांगणार कधी? आप्पांचं नाव निघालं की तुम्ही चपला घालून बाहेर. मी काय रस्त्यात गाठून सांगणार होते?”

धाकट्याने सुटलेली तार मांडीवर घेतली आणि उगाचच तिला पीळ देत बसला. “त्यांनी उचलला नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “की मी लावलाच नाही, आणि वाजला तो खरंच मॅनेजरचा?” मग त्याने अक्काकडे पाहिलं, लहानपणी गणित अडलं की पाहायचा तसं. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून उठली. एक गाठ सोडवायला गेली होती, तीन घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी तिने साउंडवाल्याला सांगितलं, की त्या पोराची सगळी वाक्यं पहिल्यापासून पुन्हा वाचायची. साउंडवाल्याने कपाळाला हात लावला. “मॅडम, दोनशे पानं! जोड दिसणार जागोजागी.”

“दिसू दे.”

तीन आठवडे लागले. अक्काने या वेळी पोराला आवाजच दिला नाही. स्वतःच्या साध्या आवाजात वाचलं, जशी ती बोर्डावर नंबर परत म्हणून दाखवायची, ना गोड ना कडू. गंमत म्हणजे तसं वाचताना तिला तो आधीपेक्षा जास्त दिसू लागला. भाषण ठोकताना मधेच शब्द विसरणारा. म्हातारीने दिलेल्या पुस्तकाची पानं दुमडायला संकोचणारा. ज्या कामगारांसाठी लढतो, त्यांच्यातल्या एकाचंही नाव न विचारणारा. एका पानावर तिला त्याची कीव यायची, पुढच्या पानावर कानाखाली द्यावीशी वाटायची. एक घाव दोन तुकडे करणारी बाई ती, पण या पोराचे तुकडे काही होईनात.

किल्लीचं वाक्य तिने तीनदा वाचलं. एकदा वर, एकदा खाली, एकदा मधे.

“कुठलं ठेवू?” साउंडवाल्याने विचारलं.

“तुम्हाला काय वाटतं?”

तो गांगरला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. “मला… तिन्हींत खरखर नाही, मॅडम,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पण तो नेमका गेला कुठे?”

अक्काने मधलं ठेवायला सांगितलं.

परीक्षा झाल्यावर विद्यार्थिनी स्वतः भेटायला आली. पांढरी काठी टकटक करत थेट कपाटखोलीच्या दारात. सावळी, उंच आणि भांडायला आल्यासारखी.

“अक्का, तुम्ही माझं वाटोळं केलंत. पहिल्या आवाजात तो नीच होता, तेव्हा माझं उत्तर तयार होतं. नवीन ऐकल्यावर सगळा भुगा. निम्मं उत्तर मी त्याच्याविरुद्ध लिहवलं, निम्मं त्याच्या बाजूने. लिहून घेणारी बाई मधेच थांबली, म्हणाली, ‘तुझं नक्की म्हणणं काय?’ मी म्हटलं, तुम्ही लिहा गुपचूप.”

“मग? किती मिळाले?”

“वीसपैकी अकरा. आणि खाली शेरा: ‘भूमिका स्पष्ट नाही.’”

अक्काला जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. पोरगी आधी फुरंगटून उभी राहिली, मग तीही हसायला लागली. हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, “खरं सांगा, तुमच्या मते त्याने दार उघडलं होतं?”

अक्का पोरीला खुर्चीत बसवून धाकट्याची गोष्ट सांगू लागली. फाटकाची, फोनची, आप्पांच्या पायाची. शेवटी पोरगी म्हणाली, “तुमच्या भावाला मी वीसपैकी किती दिले असते, मलाच कळत नाहीये.”

“मला तरी कुठे कळतंय,” अक्का म्हणाली. “पण हल्ली तो रविवारी येतो माझ्याकडे. बसतो. आप्पांबद्दल बोलतो. आधी नाही बोलायचा. एकदा म्हणतो लावला होता फोन, एकदा म्हणतो नसेल लावला. मी दोन्ही वेळा हं म्हणते.”

त्यानंतरच्या महिन्यात अक्काने साउंडवाल्याला फोन करून सांगितलं, मधलं काढा, खालचं ठेवा. आठ दिवसांनी परत केला, खालचं नको, वरचं ठेवा. तिसऱ्या वेळी साउंडवाल्याने वैतागून तिन्ही ठेवली आणि पुस्तक मागणाऱ्याला तो आता विचारतो, कुठलं हवं म्हणून. लोक बहुतेक करून म्हणतात, कुठलंही द्या. हे अक्काला अजिबात पटलेलं नाही.